वीस गुंड्यांचं धोतर

झालं असं की गेल्या दिवाळीच्या आधी माळा आवरताना आजीचा पेटीचरखा सापडला. सापडला म्हणजे तो तिथेच होता, गेली पंचवीस वर्षं. आम्हीच तो दर दिवाळीला उचलून, पुसून, खाली वर्तमानपत्र बदलून परत ठेवत होतो. या वेळी पेटी उघडली, एवढाच फरक. आत दोन लाकडी चाकं, दोरा कुजलेला, गंजलेली चाती, एक फाळका आणि तळाशी एक अरुंद, उभी वही. लांब पानांची, किराणा दुकानदार वापरतात तशी. त्या वहीबद्दल नंतर सांगते.

आमच्या घरात आजोबांबद्दल एक वाक्य आहे. तुमच्याही घरात असेल असं एखादं, ज्यावर कुणी कधी शंका घेत नाही. आमचं वाक्य असं : "आजोबांनी तीस वर्षं स्वतः कातलेल्या सुताशिवाय अंगाला दुसरा कपडा लावला नाही." आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षक होते, बेचाळीसच्या चळवळीत चौदा महिने तुरुंगात होते, पुढे पुन्हा शाळेत लागले. त्यांच्या जन्मशताब्दीला आम्ही नातवंडांनी एक घरगुती स्मरणिका काढली, तिच्यात हे वाक्य पहिल्याच पानावर आहे. ते मी लिहिलंय. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

तर, चरखा. मला वाटलं, दोरा बदलला, तेल घातलं की चालेल. तो चाललाही. मला चालवता येत नव्हता! आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात, मूळचे वर्धा जिल्ह्यातले, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. त्यांना हात जोडले. त्यांनी चरखा बघितला, चाती काढून काचेवर घरंगळवून बघितली (वाकडी होती), दोन दिवस ठेवून घेतली, सरळ करून आणली आणि म्हणाले, "ताई, सहा महिने लागतील. चालेल का?" मी म्हटलं, "सहा महिने? नुसतं सूत काढायला?" ते म्हणाले, "सूत आज निघेल. वापरण्याजोगं सहा महिन्यांनी."

सूत त्या दिवशीही निघालं नाही.

ज्यांनी कधी कातलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिंजलेल्या कापसाची बोटाएवढी जाड, सैल वळकटी करतात, तिला पेळू म्हणतात. पेळू डाव्या हातात, चाकाची मूठ उजव्या हातात. चाकाबरोबर चाती गरगर फिरते. पेळू चातीच्या टोकापासून तिरका मागे ओढायचा. दर फेऱ्याला धागा टोकावरून निसटतो आणि त्याला एक पीळ बसतो. हातभर धागा झाला की हात काटकोनात आणून तो चातीवर गुंडाळून घ्यायचा, की पुन्हा मागे. हे दोन वाक्यांत लिहिता येतं, मात्र डाव्या हाताने किती हळू मागे जायचं आणि उजव्याने किती जोरात फिरवायचं हे कुणी सांगू शकत नाही. कापसाचा तंतू इंचभर लांब. त्याला दुसऱ्या तंतूशी बांधून ठेवणारी गोष्ट फक्त पीळ. पीळ कमी पडला की धागा विरघळल्यासारखा सुटतो, जास्त झाला की गाठी मारून वेटोळं होतो. शिवाय पीळ आधी बारीक जागेत शिरतो. जाड गठ्ठे तसेच मऊ राहतात. माझं पहिल्या आठवड्यातलं सूत म्हणजे मण्यांची माळ होती : बारीक, जाड, बारीक, जाड, तुटलं.

आणि तुटण्याला निमित्तं किती! बेल वाजली, तुटलं. कुकरची तिसरी शिट्टी झाली, उठायला म्हणून मान वळवली, तुटलं. मुलाचा फोन, "आई, माझं आधार कार्ड कुठे आहे?", तुटलं. शेजारचं मांजर तर पेळूवर असं टपून बसायचं की शेवटी मी दार लावून कातू लागले. नवऱ्याने पहिल्या रात्री गमतीने "काय मग, बापू!" म्हटलं, तिसऱ्या रात्री चाकाच्या कुरकुरीला वैतागून तेलाचं कॅन आणून ठेवलं. कामवाल्या मावशी चार दिवस रजेवर गेल्या तेव्हा चार दिवसांत एक तारसुद्धा झाला नाही. हे सगळं सांगायचं कारण आहे, ते पुढे येईल.

रात्री कातून झालं की मी वाचत बसायचे. गांधीजींच्या आत्मकथेतली खादीच्या जन्माची प्रकरणं कॉलेजात वाचली होती, तेव्हा ती कंटाळवाणी वाटली होती. आता हातात चाती धरून वाचली तर ती विनोदी आहेत, आणि जराशी धक्कादायकही. 'हिंद स्वराज'मध्ये १९०९ साली ज्या हातकामावर देशाचं दारिद्र्य घालवायची भिस्त ठेवली, ते हातमाग किंवा चरखा आपण तोवर कधी पाहिल्याचंही आठवत नाही, असं ते स्वतःच सांगतात. १९१५ साली दक्षिण आफ्रिकेतून परत आले तेव्हाही चरखा पाहिलेला नव्हता. आश्रमात आधी माग आले, त्यांच्यावर गिरणीचंच सूत विणलं जाई. कातणारं माणूस शोधूनही सापडेना, कारण साठ-सत्तर वर्षांत मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी ती विद्याच घरांमधून उचलून नेली होती.

शेवटी ती सापडली एका बाईंना. १९१७ साली भडोचच्या शिक्षण परिषदेत गांधीजींना गंगाबेन मजमुदार भेटल्या. विधवा, शिक्षण फारसं नाही, पण घोड्यावर बसून एकट्या गावोगाव हिंडणाऱ्या. गांधीजींनी आपलं दुखणं त्यांच्या कानावर घातलं. त्या गुजरातभर फिरल्या आणि बडोदा संस्थानातल्या विजापूरला त्यांना चरखे सापडले. कुठे? माळ्यावर! अडगळ म्हणून टाकून दिलेले. बायका म्हणाल्या, नियमित पेळू द्या आणि सूत विकत घ्या, आम्ही कातू. हे वाचलं तेव्हा मी खरंच एकदा आमच्या माळ्याकडे बघितलं.

पुढचा प्रसंग मात्र मी दोनदा वाचला. आश्रमातली खादी तेव्हा तीस इंच पन्ह्याची निघत होती. धोतराला पंचेचाळीस इंच हवं. गांधीजींनी गंगाबेनना निर्वाणीचं कळवलं : महिन्याभरात पंचेचाळीस इंच पन्ह्याचं खादीचं धोतर दिलं नाहीत, तर मी आखूड जाडंभरडं नेसून राहीन. गंगाबेनना धक्का बसला, पण महिना संपायच्या आत त्यांनी धोतरजोडी पाठवली.

गांधीजी हे अतिशय कौतुकाने लिहितात, आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मीही ते कौतुकानेच वाचलं असणार. आता माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा : दोन धोतरांना सूत किती लागलं असेल, आणि ते महिन्याभरात कुणी कुणी कातलं असेल? व्रत एका माणसाचं, ते पुरं करायला किती जणींचे हात?

मुंबईतही तेच. १९१८-१९च्या आजारपणानंतर गांधीजी गावदेवीच्या मणिभवनात होते, त्यांच्या खोलीत चरखा सुरू झाला, आणि त्याच्या गुणगुणण्याने मला बरं व्हायला मदत झाली असं ते म्हणतात. तिथे कातायला शिकणाऱ्यांत आपल्या अवंतिकाबाई गोखले होत्या, रमीबाई कामदार होत्या, शंकरलाल बँकरांच्या आई होत्या. पेळू करून द्यायला रस्त्याने धनुकलीचा टणत्कार करत जाणारा, गाद्यांचा कापूस पिंजणारा पिंजारी वर बोलावला होता; त्याने भाव चांगलाच लावला आणि तो द्यावा लागला. (अवंतिकाबाईंनी १९१८ साली गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं, त्याला टिळकांची प्रस्तावना आहे. हे मला माहीत होतं. त्या कातायला शिकल्या होत्या हे मात्र मी विसरले होते.)

आमच्याकडे महाराष्ट्रात हा विषय गांधीजींच्याही आधीचा आहे, हे कुणीतरी म्हणेलच, म्हणून मीच म्हणते. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७च्या दिल्ली दरबाराला हातकताईच्या जाड्याभरड्या खादीत गेले होते. रेशीम-मखमलीतले संस्थानिक आणि त्यांच्यात हे. पण तो एका माणसाचा बाणा होता. चरखा घराघरात शिरला तो १९२०नंतर.

आणि शिरला की लगेच त्याचा हिशेब सुरू झाला. हे मला सगळ्यांत जास्त आवडलं. डिसेंबर १९२४मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष. (ते अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन.) तिथे सभासदत्वाची वर्गणी पैशांऐवजी सुतात ठरली : महिन्याला दोन हजार वार. आता मजा बघा. स्वतः कातावं. पण आजारी असाल किंवा कातायची इच्छाच नसेल, तर दुसऱ्याने कातलेलं तितकंच सूत दिलंत तरी चालेल! म्हणजे ही पळवाट नियमातच लिहिलेली होती. भल्याभल्या वकील-डॉक्टर पुढाऱ्यांच्या नावावर जमा झालेलं सूत कुणाच्या चातीवरचं होतं, हे घरोघरी माहीत असणार. वर्षभरही ते टिकलं नाही. सप्टेंबर १९२५मध्ये पाटण्याला नियम बदलला : चार आणे द्या, नाहीतर स्वतः कातलेलं दोन हजार वार सूत द्या. बहुतेकांनी काय दिलं असेल ते सांगायला नको. त्याच वेळी तिथे अखिल भारत चरखा संघ निघाला आणि खादीचं काम स्वतंत्र झालं.

दोन हजार वार म्हणजे किती, हे मला कातायला लागेपर्यंत कळलं नव्हतं. कळायला आधी मापं शिकावी लागली. चार फुटांचा एक तार. १६० तारांची एक लटी. चार लट्या, म्हणजे ६४० तार, की एक गुंडी. गुंडी म्हणजे साधारण ८५३ वार. माझी पहिली गुंडी एकोणीस दिवसांत झाली. पेटीतल्या फाळक्यावर ती गुंडाळताना सोळा ठिकाणी तुटली. गुरुजींनी ती हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाले, "वाती होतील." (झाल्या. या वर्षी देवापुढे माझ्याच सुताच्या वाती आहेत, छान जळतात.)

गुरुजी स्वतः मात्र गप्पा मारत, खिडकीतून भाजीवाल्याला हाक मारत, तासाला सव्वादोनशे तार काढतात, धागा न तुटता. म्हणजे एक गुंडी पावणेतीन-तीन तासांत. त्यांच्या मते हा साध्या, सराव असलेल्या माणसाचा वेग आहे, फार नाही. ते बुनियादी शाळेत शिकलेले. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, झाकीर हुसेन समिती बसली, आणि हस्तव्यवसायातून शिक्षण ही कल्पना शाळांत आली. त्याचं शेपूट म्हणजे पुढे साध्या शाळांमध्येही आलेला सूतकताईचा तास. माझ्या वडिलांना तो आठवत होता. टकळीची पितळी चकती काढून तिचा भोवरा कसा करायचो एवढंच सांगायचे. गांधींचा मुलगा असावा तसे वडील आणि टकळीचा भोवरा करणारा मुलगा! असो.

मग एका रविवारी मी हिशेबाला बसले. खरं तर कारण क्षुल्लक होतं. पाहुणे येणार होते ते आले नाहीत, पुरणपोळ्या झालेल्या, दुपार रिकामी. आजोबांचं एक धोतर आत्याने मला कधीच देऊन ठेवलं होतं. ते पसरलं आणि सुई घेऊन इंचातले धागे मोजले. उभे साधारण ४०, आडवे साधारण ३६. पन्हा पंचेचाळीस इंच, लांबी पाच वार. उभे धागे १८००, प्रत्येकी पाच वार : ९ हजार वार. आडवे धागे ६४८०, प्रत्येकी सव्वा वार : ८१०० वार. एकूण १७,१०० वार. भागिले ८५३.

वीस गुंड्या. गुरुजींच्या वेगाने सत्तावन्न तास. आणि हे फक्त कातणं. त्याआधी कापूस निवडणं, सरकी काढणं, पिंजणं, पेळू करणं. नंतर गुंड्या करणं, धुणं, विणकराकडे पोचवणं.

मग पुढचा हिशेब आपोआप झाला. आत्याच्या सांगण्याप्रमाणे आजोबांना वर्षाला चार धोतरं लागत, दोन जोड्या : ८० गुंड्या. तीन सदरे, प्रत्येकी तीन वार कापड : २९. दोन पंचे : ११. झाल्या १२०. टोप्या, अंथरूण-पांघरूण सोडूनच दिलं. आणि आजोबा किती कातत? याबद्दल घरात दुमत नाही, ते सगळ्यांनी पाहिलंय : पहाटे, प्रार्थनेनंतर, अर्धा तास. रोज. सढळ हाताने अर्ध्या तासाला ११० तार धरले, आणि वर्षातला एकही दिवस चुकला नाही असं धरलं, तर वर्षाच्या होतात ६२ गुंड्या.

मी तीनदा करून पाहिलं. ६२च.

मग ती वही घेतली. आधी मला वाटलं होतं की ती दुधाची आहे. आहेच ती दुधाची. दूध, धोब्याला दिलेले कपडे, उसन्या आणलेल्या साखरेच्या वाट्या. अक्षर आजीचं, तिचा 'ल' ओळखू येतो. आणि दर दोन-तीन ओळींनी समासात 'गुं १', 'गुं १', 'गुं २'. मी इतके दिवस ते गूळ समजत होते. गूळ! इतका गूळ कुठलं घर खाईल? १९४१पासून १९४६पर्यंतची वही आहे, मधली काही पानं गेलेली. आजोबा तुरुंगात होते ते चौदा महिने सलग आहेत. त्या महिन्यांत दूध कमी झालंय, धोब्याची नोंद नाहीच. 'गुं' कमी झालेल्या नाहीत. दोन महिने तर वाढल्यात.

तुरुंगात आजोबा कातत असतील. पुष्कळ जण कातत. हा पेटीचरखा ज्या बनावटीचा आहे तिला येरवडा चक्रच म्हणतात, कारण १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजी लहान, सुटसुटीत, उचलून नेता येईल अशा चरख्यामागे लागले होते. पण समासातलं ते सूत आजोबांचं नव्हतं. ते घरी होतं. चार मुलं, सासू, एक गाय, आणि समासात 'गुं १'.

मी आजीला पाहिलंय. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होते. तिला कातताना मी पाहिलं नाही, तोवर ती अंधूक दिसतं म्हणून सोडून बसली होती. तिच्या तोंडून चरख्याबद्दल ऐकल्याचं आठवत नाही. आमच्या स्मरणिकेत तिच्यावर एक परिच्छेद आहे. त्यात तिच्या पुरणपोळीचा आणि शांत स्वभावाचा उल्लेख आहे. (हाही मीच लिहिलाय.)

आता हे मोठं गुपित उघड केल्यासारखं मांडायचा मोह होतो, पण तसं ते नाही. चरखा संघाला स्वतःला हे माहीत होतं की कातणारे हात बहुतेक करून बायकांचे आहेत. १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं, तेव्हा अटींमध्ये हे होतं की बाईला तो आठ तास फारसं न दमता चालवता आला पाहिजे. आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघालं पाहिजे, म्हणजे गुरुजींच्या दुपटीहून जास्त. आपल्या किर्लोस्करवाडीने त्यासाठी यंत्र बनवलं. पण ते परीक्षेत उतरलं नाही, आणि ते लाख रुपये कुणालाच मिळाले नाहीत. मला गंमत वाटते ती त्या 'आठ तास' शब्दांची. बाई सलग आठ तास बसणार कधी? माझ्या घरात दोन माणसं, गॅस, मिक्सर, मावशी, आणि मला सलग वीस मिनिटं मिळत नाहीत.

मजुरीचंही तसंच. कातणारणीला दिवसाचे पाऊण-एक आणा मिळतात आणि खादी स्वस्त विकता येते, हे गांधीजींना स्वतःलाच नंतर बोचू लागलं. विनोबा १९३५च्या सुमाराला वर्ध्याजवळ नालवाडीला दिवसाचे आठ-नऊ तास कातत बसले, त्या मजुरीत पोट भरतं का हे पाहायला. त्याच वर्षी चरखा संघाने कातणारणींना किमान मजुरी द्यायचं ठरवलं. खादी महाग होईल, खपणार नाही म्हणून खुद्द खादीवाल्यांचाच त्याला विरोध होता. पण ती विकत कातणाऱ्या बायकांची गोष्ट झाली. त्यांची निदान नोंद राहिली, पैशांच्या रकान्यात का होईना. घरच्या माणसाच्या व्रतासाठी कातणारीचा रकाना कुठल्या वहीत? दुधाच्या.

मी आत्याला फोन केला. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, कान तल्लख. मी हिशेब सांगितला, भीत भीतच. दादा म्हणजे तिचे वडील, तिचं दैवत.

ती म्हणाली, "मग? अर्ध्या तासात कुठं होतंय धोतर?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत काय त्यात? आई कातायची दुपारी. आम्ही पेळू करून द्यायचो. मी आणि ताई."

"मग स्मरणिकेत ते वाक्य लिहिलं तेव्हा बोलली का नाहीस, आत्या? तुला मी वाचून दाखवलं होतं."

"तू वाचून दाखवलंस. विचारलं कुठं होतंस?"

मग थोडा वेळ दोघीही गप्प. मी विचारलं, आजीने कधी बोलून नाही दाखवलं का? आत्या म्हणाली, एकदा. कुणी पुढारी जेवायला आले होते, पंगतीत दादांच्या धोतराचं कौतुक करत होते, स्वतः कातलेलं म्हणून. आई वाढत होती. तिने दादांच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "सावकाश जेवा. आमटी सांडेल धोतरावर. डाग गेला नाही तर पुन्हा वीस गुंड्या." दादा हसले, पुढारीही हसले. पुढाऱ्यांना काय कळलं कोण जाणे.

वीस! मी सुई घेऊन दुपार घालवली होती त्या आकड्यासाठी.

चुलतभावाला हे सगळं पाठवलं. तो म्हणाला, "आता आजोबांना खोटं पाडणार का तू?" मला त्याचा राग आला नाही, कारण पहिल्यांदा ६२ आकडा पाहिला तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. आजोबा खोटं बोलले नव्हते. ते स्वतः कधी ते वाक्य बोलल्याचं कुणालाच आठवत नाही. ते आम्ही केलं, त्यांच्या मागे. आणि अर्धं सूत त्यांचं होतं, तीस वर्षं, रोज पहाटे, थंडीत. चार महिने कातून मला आता ठाऊक आहे की तेही काही थोडं नाही. माझे अजून अर्ध्या तासात पासष्ट तार होतात, आणि गेल्या आठवड्यात चार दिवस मी बसलेच नाही.

स्मरणिकेच्या उरलेल्या प्रती माझ्याकडेच आहेत, सव्वीस. पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवायची असं ठरवलंय. मजकूर आत्याला वाचून दाखवला, या वेळी विचारूनही घेतलं. तिने एकच दुरुस्ती सांगितली.

"दादांचं सूत बारीक यायचं, ते लिही. आईचं जाड. तिला घाई असायची."

तेवढ्यात तिच्याकडे बेल वाजली, दूधवाला असेल, आणि तिने फोन ठेवला.